सीएविरुद्ध तक्रार: आयसीएआयच्या शिस्तपालन यंत्रणेला साडेतीन तारे

आधीच सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सीएनं बुडवलेले पैसे परत हवे असतील तर ही सेवा तुमच्यासाठी नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआय, आपल्या सभासदाला ताकीद देईल, दंड करील, त्याचं नाव सभासदांच्या यादीतून काढील. तुमची नुकसानभरपाई करण्याचा अधिकार तिला कायद्यानंच दिलेला नाही. दंड झाला तरी त्यातला रुपया तुमच्याकडे येत नाही. पैशासाठी दिवाणी कोर्ट, पोलीस किंवा ग्राहक आयोग हे रस्ते वेगळे. एवढं माहीत असूनही तक्रार करायची असेल तर पुढे वाचा.

प्रकरण माझ्या धाकट्या भावाचं. भोसरी एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड त्याला कळतं, कागद कळत नाही. जीएसटीचं सगळं काम ओळखीतल्या एका तरुण सीएकडे. महिना सरला की "काका, या वेळचे इतके" असा मेसेज यायचा, भाऊ फोनवरूनच रक्कम पाठवायचा आणि तिकडून अंगठा यायचा. तो अंगठा हीच पावती. चलन कधी मागितलं नाही, आलंही नाही.

मग चाकणच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं बिलातली जीएसटीची रक्कम अडवून धरली. "तुमची बिलं आमच्या टू-बीमध्ये दिसतच नाहीत," त्यांचा अकाउंटंट म्हणाला. (टू-बी म्हणजे पुरवठादारांनी विवरणपत्रात दाखवलेल्या बिलांची गिऱ्हाइकाला पोर्टलवर दिसणारी यादी.) जीएसटीचं पोर्टल उघडायला गेलो तर नोंदणीचा मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही सीएचे. म्हणजे विवरणपत्र न भरल्याच्या खात्याच्या नोटिसा ज्यानं ते भरलं नव्हतं त्यालाच जात होत्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. (तुमच्या धंद्याची नोंदणी कुणाच्या नंबरावर आहे ते आजच बघा. हा सल्ला फुकट.) सगळं उघडं पडल्यावर साडेचार लाखांच्या आसपास कर थकलेला निघाला.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली. कागद लावून ठेवणं हाच माझा जन्मभराचा उद्योग, त्यामुळे तक्रारीचं काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न, हा माणूस खरोखर सीए आहे का? हसू नका. आपल्याकडे गल्लोगल्ली 'टॅक्स कन्सल्टंट'च्या पाट्या आहेत, त्यातले काही सीए, काही जीएसटी प्रॅक्टिशनर, काही नुसतेच अनुभवी. लोक सगळ्यांना सीएच म्हणतात. आयसीएआयची शिस्त फक्त तिच्या सभासदांना लागू. सभासद नसलेला कुणी स्वतःला सीए म्हणवत असेल तर तो सनदी लेखापाल कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, पण तो कोर्टाचा विषय. आमच्या माणसानं सही केलेल्या एका जुन्या प्रमाणपत्रावर सभासद क्रमांक आणि १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या प्रत्येक कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, होता. २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झालेला हा यूडीआयएन कुणालाही ऑनलाइन तपासता येतो. तपासला, खरा निघाला. माणूस अस्सल सीए.

आता अर्ज. 'फॉर्म आय', तीन प्रती, सोबत अडीच हजार रुपये शुल्क. या फॉर्मचं मला कौतुक आहे. तो तुम्हाला रागावू देत नाही. नेमकं काय केलं किंवा काय करायचं राहिलं ते लिहा, आणि त्याला पुरावा काय ते लिहा, एवढंच तो विचारतो. भावाच्या पहिल्या मसुद्यात "विश्वासघातकी" हा शब्द प्रत्येक परिच्छेदात होता. मी ते सगळे काढले आणि तक्ता केला. एका रकान्यात सीएचा पैसे मागणारा मेसेज, दुसऱ्यात बँकेच्या उताऱ्यातली नोंद, तिसऱ्यात त्याच महिन्याचा पोर्टलवरचा कॅश लेजर, म्हणजे करापोटी जमा झालेल्या पैशांची वही. तिसरा रकाना सगळीकडे शून्य. यापेक्षा कडक शब्द मला तरी सुचला नसता. मराठी मेसेजची इंग्रजी भाषांतरं भाचीनं करून दिली.

कलम शोधायला वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. कायद्याला गैरवर्तनाची दोन परिशिष्टं जोडलेली आहेत. पहिल्यातली प्रकरणं तुलनेनं हलकी, ती शिस्तपालन मंडळापुढे जातात. तिथे शिक्षा म्हणजे ताकीद, फार तर तीन महिने नाव काढणं, किंवा लाखापर्यंत दंड. दुसऱ्या परिशिष्टातली शिस्तपालन समितीकडे जातात, आणि ही समिती नाव कायमचंही काढू शकते, पाच लाखांपर्यंत दंड करू शकते. (हे २००६ च्या दुरुस्तीतले आकडे. २०२२ च्या दुरुस्ती कायद्यात दंडाची मर्यादा वाढवलेली आहे.) आमची गोष्ट दुसऱ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागातल्या दहाव्या कलमात जशीच्या तशी सापडली: अशिलाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात न ठेवणं किंवा ज्या कामासाठी दिले त्यासाठी वाजवी वेळेत न वापरणं. भावाला वाचून दाखवलं तर म्हणाला, "ताई, हे आपल्यावरूनच लिहिलंय का?"

पुढचा प्रवास नियमांत आखून दिलेला आहे. आयसीएआयच्या शिस्तपालन संचालकानं तक्रारीची प्रत सीएला पाठवायची, त्यानं २१ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, फार तर आणखी ३० दिवस मुदत मिळते. ते म्हणणं तुमच्याकडे येतं आणि तुम्हाला प्रत्युत्तराची संधी मिळते. मग संचालक प्रथमदर्शनी दोषी की निर्दोष असं मत देतो. 'निर्दोष' म्हटलं तरी फाइल तिथेच मिटत नाही, ते मतही मंडळापुढे ठेवावं लागतं. पुढे सुनावणी. साक्षीदाराला बोलावणं, शपथेवर तपासणं, कागद मागवणं यासाठी मंडळाला आणि समितीला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. घटना सात वर्षांहून जुनी असेल आणि त्यामुळे पुरावा मिळणं अवघड असेल तर तक्रार दाखल करून घ्यायला नकार मिळू शकतो. चिडून बसू नका, कागद ताजे असतानाच पाठवा.

आता या सेवेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. नोटीस गेल्यावर सीएचे वडील घरी आले. सज्जन गृहस्थ, गावाकडची ओळख. चहा घेतला नाही. "ताई, पोराचं आयुष्य आहे. पैसे देतो, अर्ज तेवढा मागे घ्या." पैसे खरंच दोन हप्त्यांत आले, मुद्दल तेवढी. त्यावरचं वर्षाला १८ टक्क्यांचं व्याज आणि लेट फी भावानंच भरली. पण भाऊ विरघळला. मलाही म्हणायला लागला की जाऊ दे, आपले पैसे आले.

मी त्याला नियम दाखवला. तक्रारदारानं अर्ज मागे घेतो म्हटलं म्हणून तक्रार संपत नाही. ते पत्र मंडळापुढे किंवा समितीपुढे ठेवलं जातं, आणि परिस्थिती तशी आहे असं त्यांना वाटलं तरच परवानगी मिळते. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं होतं. माझी तक्रार, मी मागे घेणार, तुम्ही कोण? पण त्या संध्याकाळी त्याचा उपयोग कळला. भाऊ त्या वडिलांना फोनवर म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर बघितलं असतं." आणि ते खरं होतं. ज्याच्यावर नात्याचा, गावाचा, शेजाराचा दबाव येतो त्याच्या हातातून निर्णय काढून घेतला की दबाव टाकण्यात अर्थच उरत नाही. तसा नियम नसता तर पैसे परत करू शकणारा प्रत्येक सीए सुटला असता, आणि पुढच्या वर्कशॉपवाल्याला काही कळलं नसतं. आम्ही अर्ज मागे घेतला नाही. मुद्दल मिळाल्याचं मात्र लेखी कळवलं, कारण लपवलं असतं तर आमचीच बाजू लंगडी पडली असती.

नावडलेलं. सीएंनीच सीएंचा न्याय करायचा, म्हणजे आपलेच दात आपलेच ओठ. २००६ च्या दुरुस्तीनं ठरलेल्या समितीत पाच जण: संस्थेचा अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष प्रमुख, संस्थेचा कारभार पाहणाऱ्या परिषदेतले दोन सभासद, केंद्र सरकारनं नेमलेले दोन. बहुमत घरच्यांचंच. २०२२ च्या कायद्यात हे पारडं फिरवलंय, त्यात प्रमुख बाहेरचा आणि बहुमतही बाहेरच्यांचं. मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणासाठी तर सरकारनं २०१८ मध्ये एनएफआरए (नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग ऑथॉरिटी) ही वेगळीच यंत्रणा उभी केली. म्हणजे ही शंका एकट्या माझ्या डोक्यातली नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. भोसरीचा वेल्डर, हडपसरचा बेकरीवाला, यांनी परिशिष्टं आणि कलमं इंग्रजीत कशी शोधायची? प्रत्येकाला ताई नसते. आणि अडीच हजार शुल्क आम्हाला जड गेलं नाही, पण ज्याचे तीन हजार बुडाले तो कशाला भरेल? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कच नाही. अर्थात तिथे समोरचा वकील "सेवा धंद्यासाठी घेतली, हे ग्राहकच नाहीत" हा मुद्दा काढतो, ते वेगळं दुखणं.

आणखी एक. समितीपुढे तुम्ही फिर्यादी कमी आणि साक्षीदार जास्त असता. कोर्टात वादी जिंकतो, इथे जिंकण्यासारखं तुमच्या बाजूला काही नसतं. भावाला हे पटवायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं.

तारे कसे दिले ते सांगते. फॉर्मच्या शिस्तीला आणि दोन्ही बाजूंना मिळणाऱ्या लेखी संधीला प्रत्येकी एक. तक्रार परस्पर मिटवू न देणाऱ्या नियमाला एक, तो एकटा दोनाच्या तोडीचा आहे. कुणीही तपासू शकेल अशा यूडीआयएनला अर्धा. मराठीत फॉर्म आणि दोन पानी मार्गदर्शन दिलंत तर चौथा तारा मी स्वतः येऊन लावीन. पाचवा मात्र समितीत बाहेरच्यांचं बहुमत प्रत्यक्ष बसलेलं बघितल्यावरच.