'निन्जा' की 'निन्जा: शॅडो ऑफ अ टिअर'?

हाती एकच संध्याकाळ असताना यांपैकी कोणता चित्रपट पाहावा, असे एका मित्राने विचारले. दोहोंचे दिग्दर्शक आयझॅक फ्लोरेन्टिन आणि नायक स्कॉट ॲडकिन्स, त्यामुळे तुलना सोपी आहे.

कथेच्या बाबतीत २००९ च्या पहिल्या भागात प्राचीन शस्त्रांची पेटी, तिच्यावर डोळा ठेवणारा बहिष्कृत शिष्य आणि एक गुप्त पंथ असा बराच पसारा आहे. २०१३ च्या दुसऱ्या भागात पत्नीची हत्या होते आणि नायक सूड घेण्यासाठी निघतो. एवढ्यावरच चित्रपट उभा आहे, आणि तेच त्याचे बळ आहे.

खरा फरक मारामारीत जाणवतो. पहिल्या भागात संगणकीय रक्त आणि तारांच्या आधाराने घेतलेल्या उड्या ॲडकिन्सचे अस्सल कौशल्य झाकून टाकतात, तर दुसऱ्यात टिम मॅन यांनी बसवलेली द्वंद्वे लांब, सलग दृश्यांतून दिसतात आणि प्रत्येक लाथेचे वजन कळते. बँकॉकमधील प्रशिक्षणशाळेतील झुंज तर मी तीनदा पाहिली. अभिनय दोन्हीकडे बेताचाच आहे.

निन्जांचा पोशाख, शस्त्रे आणि दंतकथा यांची हौस असणाऱ्यांना पहिला भाग पुरेल. केवळ उत्तम झुंज हवी असेल त्यांनी थेट दुसरा पाहावा, कारण पहिल्यावाचून काही अडत नाही.