जिप्सीला लो-बूस्ट टर्बो: तिन्ही ऋतू काढल्यानंतर

इंदूरचा हिवाळा, मग कडक उन्हाळा आणि आता पावसाळा, असं सगळं या सेटअपवर काढून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. गाडी एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवाली) मारुती जिप्सी, १२९८ सीसी, कागदावर ८० बीएचपी. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनावरचा, छोटा, सेकंडहँड. बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या वरचा जादा दाब, ०.३५ बार, जेमतेम पाच पीएसआय. एवढ्याशा बूस्टला वेगळं काय करायचं, असं सांगणारे खूप भेटले. गॅरेजमधल्या उस्तादांचं तर एकच पालुपद: "भिया, इत्ते से बूस्ट में क्या होना है!" माझं मत नेमकं उलटं झालंय. टर्बो चढवणं हे वेल्डिंगचं आणि पाइपांचं काम. पैसा, वेळ आणि डोकं लागतं ते पेट्रोल आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला.

कारण साधं आहे. मूळ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंत वाचण्यासाठी असतो. बूस्ट त्याच्या वर गेला की ईसीयूला फक्त "फुल थ्रॉटल" दिसतं आणि तो तेवढ्यापुरतंच पेट्रोल सोडतो. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, इथला हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. त्यावर ०.३५ चढवले की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) १.३० बार. दाबल्यामुळे हवा तापते, त्याची घट धरली तरी पाव ते तृतीयांश हवा जास्त आत जाते. पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच. पिस्टन वितळायला एवढं पुरे.

यावर स्वस्तातला इलाज म्हणून राइजिंग रेट रेग्युलेटर सुचवतात: बूस्ट वाढला की रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब कित्येक पटींनी वाढवायचा. चालतं, पण मला पटलं नाही. इंजेक्टरमधून (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलमधून) निघणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतं. चाळीस टक्के जास्त हवं असेल तर दाब दुप्पट करा! पंपाचा त्यात जीव जातो, आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) तर जागचं हलतच नाही. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं, तिथूनच सुरू होतं.

मी इंजेक्टर बदलले. हिशेब असा केला: टर्बो पेट्रोल इंजिनाला एका बीएचपीमागे मिनिटाला सहा सीसीपेक्षा थोडं जास्त पेट्रोल लागतं. ११० बीएचपी धरले आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं ठरवलं, की प्रत्येकी २१०-२२० सीसीचा इंजेक्टर येतो. मी २७० सीसीचे घेतले. रेग्युलेटर एकास एक प्रमाणातला, त्याची नळी मॅनिफोल्डला जोडलेली. तीन बार मूळ दाब, बूस्टमध्ये तो ३.३५ होतो आणि इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला फरक कायम राहतो. पंप मोठा टाकला, पण त्याहून जास्त फरक पडला वायरिंगने. जुन्या वायरीतून पंपापर्यंत व्होल्टेज गळत गळत पोचायचं. बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणि रिले दिल्यावर वरच्या आरपीएमला रेलचा दाब ढळेनासा झाला. हे काम शंभरातले नव्वद लोक टाळतात आणि मग "पंप बेकार निघाला" म्हणतात.

ईसीयू स्पीडुइनो. ओपन सोर्स आहे, आर्डुइनो मेगावर चालतो, मॅप सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंतचा (१०० किलोपास्कल म्हणजे एक बार). लॅपटॉपवर ट्यूनिंगसाठी ट्यूनर स्टुडिओ. ऑटोट्यून (पेट्रोलचे आकडे आपोआप सुधारणं) हवं असेल तर पैसे भरून नोंदणी करावी लागते आणि ते पैसे वसूल होतात. सोबत बॉश एलएसयू ४.९ सेन्सरवालं वाइडबँड, म्हणजे मिश्रणात हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं किती ते मोजणारं मीटर. ते नसेल तर बाकी काहीच करू नका. गाडीतला जुना ऑक्सिजन सेन्सर एवढंच सांगतो की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी). किती, हे त्याला कळत नाही.

फुल बूस्टचं ट्यूनिंग तुलनेनं सोपं निघालं: लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे बरोब्बर, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८०, प्रत्येक पीएसआयला साधारण एक अंश टायमिंग मागे, प्लग एक नंबर थंड, गॅप ०.७ मिलिमीटर. खरी कसोटी ९० ते ११० किलोपास्कलच्या पट्ट्यात. गाडी रोज तिथंच असते, बूस्ट येतोय-जातोय अशा अवस्थेत. लॅम्डा १.० वरून उतरत कुठे आणायचा, ॲक्सिलरेटर अचानक दाबल्यावर क्षणभर किती जादा पेट्रोल द्यायचं, क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयूनं पेट्रोल सुधारत राहणं) कुठे बंद करायचा, हे जुळेपर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उचक्या द्यायची. संध्याकाळी हेडलाइट आणि पंखा एकदम सुरू झाला की आयडल (उभ्या गाडीचे आरपीएम) बसायचं, कारण व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो. त्या उशिराचा, म्हणजे डेड टाइमचा, तक्ता भरल्यावर तेही मिटलं.

बडवाहहून सिमरोलकडे येताना भेरूघाट लागतो, तो माझा डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र. (खऱ्या डायनोवर गाडी चढवली नाही, तेव्हा बीएचपी विचारू नका.) कमी आरपीएम, जास्त लोड, मागे ट्रकचा हॉर्न: नॉकिंग असेल तर इथेच. ब्लॉकला तांब्याची नळी बोल्टने बसवून तिला रबरी पाइप आणि इअरमफ जोडले. शेजारी बसून ऐकणाऱ्या मित्राला लोक डॉक्टर समजले. आणखी एक गंमत: वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) वातावरणाच्या तुलनेत चालतं, त्यामुळे खाली निमाडात उतरलं की बूस्ट गेज तेच दाखवतं, पण मॅनिफोल्डमधला प्रत्यक्ष दाब थोडा वाढलेला असतो. ईसीयूतल्या पेट्रोलच्या टेबलची वरची ओळ १३० किलोपास्कलवर संपवू नका, पुढेही नीट भरा. मी १५० ला फ्युएल कट ठेवलाय. वेस्टगेट उघडणाऱ्या डिझेलच्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग कडक असते, ती बदलावीच लागते. शिवाय छोटं वेस्टगेट पेट्रोलच्या जादा एक्झॉस्टला पुरेलच असं नाही, आणि वरच्या आरपीएमला बूस्ट हळूहळू वर सरकत जातो.

उन्हाळ्यात खरा छळ. मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा) नुसता तापतो. इंजिनात जाणारी हवा ५० अंशांच्या वर गेली की टायमिंग आपोआप मागे येईल असं लावलंय; तेव्हा गाडी सुस्त वाटते, वाटू दे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी स्टार्ट केलं तर रेलमध्ये वाफ. स्टार्टआधी पंप चालण्याचा (प्राइम) वेळ वाढवला, स्टार्टनंतरचं पेट्रोल वाढवलं, बरंच सुधारलं.

ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) बद्दल: इथेनॉलमुळे नॉकिंगला मदतच होते, पण पेट्रोल जास्त लागतं. १४.७ हा शुद्ध पेट्रोलचा एअर-फ्युएल रेशोचा (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) आकडा, ई२० ला तो साडेतेराच्या जवळ येतो. म्हणून गेजवर एअर-फ्युएल रेशो न ठेवता लॅम्डाच ठेवा. जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइपही बदलून घ्या. पावसाळ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ईसीयू डॅशखाली कोरडा राहिला.

डिझेलचा टर्बो पेट्रोलवर लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: पेट्रोलचा एक्झॉस्ट बराच जास्त तापतो, ९०० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि टायमिंग उगाच मागे ओढलं की आणखी. लांब चढाला पाय काढून घेतो, बंद करण्याआधी मिनिटभर आयडल. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणाऱ्या) नळीत वन-वे व्हॉल्व्ह टाकला आहे, नाहीतर बूस्ट क्रँककेसमध्ये जातो आणि सील गळतात.

ॲव्हरेज? शांत चालवली तर पूर्वीइतकंच. शांत चालवत नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, ते वेगळंच. रोज ऑफिसला नेण्याच्या एकुलत्या एका गाडीला हे करू नका, असं मी कुणालाही सांगेन.

आता राहिलाय फ्लेक्स सेन्सर, म्हणजे टाकीत इथेनॉल किती आलंय ते ईसीयूलाच कळेल. स्पीडुइनोत त्याची सोय आहे. दिवाळीआधी बसवायचा विचार आहे. आधी रिटर्न लाइनचा जुना पाइप बदलतो.