बांधून काढलेली ई४६ एम३: इंजिनाच्या बिलाआधी गाडीची पाठ बघा

जर्मनीत राहणाऱ्या, नोकरी आणि मुलाबाळांत ट्रॅक सुटलेल्या आणि आता पुन्हा हेल्मेट बाहेर काढणाऱ्या हौशी मंडळींना बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ भुरळ घालते. २००० ते २००६ या काळातली ही गाडी. एस५४ हे ३,२४६ सीसीचे सहा सिलिंडरी इंजिन, ७,९०० आरपीएमला ३४३ पीएस, ४,९०० ला ३६५ न्यूटनमीटर, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप). टर्बो नाही, त्यामुळे पाय दाबाल तेवढेच मिळते आणि दाबाल तेव्हाच मिळते. बऱ्याच वर्षांनी ट्रॅकवर येणाऱ्याला असा सरळ हिशोब फार उपयोगी पडतो.

बाजारात मात्र या गाड्या ‘इंजिन नवीन बांधले आहे’ एवढ्या एका वाक्यावर विकल्या जातात. ते वाक्य अर्धवट आहे. एम३ चे इंजिन बिघडले तर पैसे जातात. बॉडी फाटली तर गाडीच जाते.

तरी इंजिनापासूनच सुरुवात करू. एस५४ चे कुप्रसिद्ध दुखणे म्हणजे कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांची, बेअरिंग्ज. सुरुवातीच्या गाड्यांसाठी कंपनीने स्वतःच ती बदलून दिली होती. ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारा लांब स्ट्रोक, बेअरिंगमधली तेलाची फट अगदी कमी, आणि त्यात थंड इंजिन पिळण्याची सवय, असे तिन्ही एकत्र आले की वरचा थर घासून तांबे उघडे पडते. म्हणून या इंजिनात १०डब्ल्यू-६० तेलच घालायचे, आणि आरपीएम काट्याभोवतीचे नारिंगी दिवे विझेपर्यंत पाय हलका ठेवायचा. ते दिवे शोभेचे नाहीत, तेल गरम होईल तसतसे ते एकेक करून विझतात. काम झाले असेल तर बिलात तीन गोष्टी शोधा: बेअरिंगचा संच, रॉडचे नवे बोल्ट (हे ताणले जाणारे बोल्ट असतात, दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत) आणि ऑइल चेंबरचे नवे गॅस्केट. चेंबर काढायला पुढचा सबफ्रेम (चाकांची जोडणी धरणारी चौकट) खाली घ्यावा लागतो, इंजिन वरून टांगून ठेवावे लागते. ‘दुपारी दिली, संध्याकाळी मिळाली’ असे कोणी सांगत असेल तर ते काम झालेले नाही. जुन्या बेअरिंग्जचे फोटो मागायला लाजू नका. जपून काम करणारा मेकॅनिक ते ठेवतोच.

व्हॅनॉस, म्हणजे कॅमची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, हे दुसरे दुखणे. एक्झॉस्ट कॅमच्या हबवरचे दोन कान तुटतात आणि तुकडा चेनच्या वाटेने खाली पडतो. पंप फिरवणाऱ्या चकतीची भोके झिजली की आयडलिंगला डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. सुधारित हब, नवी चकती, नवे ओ-रिंग आणि त्याच वेळी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणे: थंड इंजिनावर इनलेट ०.१८ ते ०.२३ मिमी, एक्झॉस्ट ०.२८ ते ०.३३ मिमी. या इंजिनात टॅपेट आपोआप जुळत नाहीत, शिम (पातळ चकत्या) घालूनच जुळवावे लागतात.

आता पाठ. मागचा सबफ्रेम चार ठिकाणी बॉडीच्या पातळ पत्र्याला धरलेला असतो. दरवेळी क्लच सोडला, दरवेळी मागच्या चाकांनी जोर घेतला की तो पत्रा थोडा पिळवटतो. काही वर्षांत स्पॉट वेल्ड सुटतात, मग तडे जातात. सुरुवातीला काही ऐकू येत नाही. पुढे गिअर टाकताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना मागून ‘ठक’ येतो. कंपनीचा उपाय पोकळीत घट्ट होणारा फोम भरण्याचा होता. रस्त्यासाठी तो चालून जातो. ट्रॅकसाठी सबफ्रेम पूर्ण उतरवून, तडे ड्रिलने थांबवून वेल्ड करून, चारही जागी खालून जाड पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. इथेच बरेच जण थांबतात आणि चुकतात. खालचा पत्रा जाड केला की ताण नाहीसा होत नाही, पट्टीच्या कडेला सरकतो, आणि नवा तडा तिथे जातो. म्हणून वरून, बूटच्या (डिकीच्या) बाजूनेही मजबुती जोडून भार बॉडीच्या जाड भागांपर्यंत न्यावा लागतो. फक्त खालून केलेले काम हे अर्धे काम, किंमत ठरवताना तसेच धरा. तपासायला बूटमधला गालिचा उचला, टॉर्च मारा. खालून मात्र अंडरसील (गंजरोधक लेप) खरवडल्याशिवाय निकाल देऊ नका. ताज्या काळ्या अंडरसीलचा थर दिसला तर शंका वाढवा.

बाकीची यादी लांब आहे पण सोपी. चाके धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश बघा: पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश गेले की ब्रेक दाबताना गाडी डावी-उजवी हुंगत जाते. लोक अलाइनमेंटला दोष देतात. पुढे मूळ कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) ट्रॅकसाठी अपुरा आहे. उणे २.५ ते ३ अंश मिळाला नाही तर पुढच्या टायरची बाहेरची कड एका दिवसात खलास. रेडिएटरचा एक्स्पान्शन टँक प्लास्टिकचा आहे, चकचकीत दिसला तरी बदलाच. ब्रेकचे मूळ पुढचे डिस्क ३२५ मिमीचे, कॅलिपर एक पिस्टनी सरकते. सुमारे दीड टनाच्या गाडीला ते एका लॅपपुरते पुरतात. मोठ्या कॅलिपरवर पैसे घालण्याआधी ट्रॅकचे पॅड, उकळबिंदू ३०० अंशांवर असलेले ताजे ब्रेक ऑइल आणि हवा नेणाऱ्या नळ्या लावा. साध्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलला नवे असताना किमान २३० आणि पाणी शोषल्यावर १५५ अंशांचीच हमी असते. पेडल स्पंजासारखे का झाले, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

नव्या बांधणीला घाई करू नका. कंपनीचा मूळ नियम २,००० किमीचा: ५,५०० आरपीएमच्या आत, १७० किमी वेगाच्या आत, आणि मग तेल बदल. तेव्हा जुन्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नवे इंजिन सुरुवातीला थोडा धातू सोडतेच. पुढच्या तेल बदलालाही तांबे आणि शिसे चढे राहिले तर ट्रॅक रद्द. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटनमीटरवर, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासणी.

परतायचे कुठे? थेट न्युर्बर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या जुन्या, लांब ट्रॅकवर नको. २०.८ किमीच्या त्या ट्रॅकवर फुक्सरोरे या उताराच्या तळाशी गाडी दाबली जाते, कारुसेल या वळणाचे काँक्रीट मागचा भाग ठोकून काढते आणि डोटिंगर ह्योहेच्या सरळ पट्ट्यावर इंजिन दोन किलोमीटरहून जास्त फुल थ्रॉटलवर राहते. अर्धवट बांधणी उघडी पाडायला हे उत्तम, पण ती बाजूच्या लोखंडी कठड्याजवळ उघडी पडू नये. आधी हॉकेनहाइमच्या ४.५७४ किमीवर एक दिवस काढा. चूक झाली तर बाहेर जागा आहे. नॉर्डश्लाइफेच्या पर्यटक फेऱ्यांना रस्त्याचेच वाहतूक नियम लागतात, वेळ मोजायची नसते आणि कठडा मोडला तर बिल चालकाला येते. विम्यातली वगळणूक आधी वाचा. खरी स्पर्धा हवी असेल तर तिथल्या जीएलपी शर्यती परतणाऱ्यासाठी योग्य. त्यात सर्वांत वेगवान कोण हे बघत नाहीत, फेऱ्यांच्या वेळा किती सारख्या येतात ते बघतात. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक), चाके, रोल केज हे सगळे टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेकडून कागदावर चढवून घ्या. कागद नसलेला महागडा भाग जर्मन रस्त्यावर कवडीमोल.

आमचा कल: मॅन्युअल गिअरबॉक्सची, रंग थोडा उडालेली पण पाठीचे काम वरून-खालून झालेली आणि फोटोंची फाइल असलेली गाडी. एसएमजी (क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स) टाळा, तिचा हायड्रॉलिक पंप हे वेगळे खर्चाचे खाते आहे. आणि पुढे कधीतरी गाडी पुण्याला नेऊ असा बेत असेल तर तो आताच सोडा. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवे. ही दोन्हीत नापास.