आयनॅचरलिस्ट: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यावर

रानातल्या झाडावर कॅमेरा धरला की खाली नाव उमटेल, एवढ्याच अपेक्षेने आयनॅचरलिस्ट हे ॲप घेणार असाल तर घेऊ नका. त्यासाठी गूगल लेन्स आहे, नाहीतर याच मंडळींचं 'सीक' हे दुसरं ॲप आहे. त्याला खातंसुद्धा उघडावं लागत नाही. आयनॅचरलिस्टचं काम वेगळं. आपण फोटो, तारीख आणि ठिकाण द्यायचं, यंत्र काही नावं सुचवतं, आणि मग कुठेतरी बसलेला, त्या कुळात मुरलेला माणूस ती नोंद बघून पटतंय की नाही ते सांगतो. ॲपचं खरं बळ या शेवटच्या माणसात आहे. पावसाळाभर भोरकडच्या माळांवर आणि पुढचे महिने उजनी धरणाच्या काठाने वापरल्यावर माझं मत असं: वनस्पतींसाठी उत्तम, माशांसाठीही चांगलं, पण फोटो काढायची पद्धत बदलणार असाल तरच.

2008 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून हे सुरू झालं, आता स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते. वापरायला पैसे नाहीत, जाहिराती नाहीत.

सोनकी, तेरडा, कळलावी, घाणेरी यांना यंत्र पुरेसं आहे, कारण त्यांचे फोटो ढिगाने आहेत. ज्या जातीचे फोटोच थोडे, ती यंत्राला शिकवलेलीच नसते. मग ते जवळच्या नातलगाचं नाव पुढे करतं. सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच वाढणाऱ्या, वनस्पतींच्या बाबतीत हे कायम लक्षात ठेवायचं. टाकळ्यासारख्या घरोघरी माहीत असलेल्या भाजीतही मेख आहे. सेना टोरा आणि सेना ऑब्ट्युसिफोलिया या शास्त्रीय नावांच्या दोन जाती वरवर सारख्याच. पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, अगदी खालच्या जोडीतच ग्रंथी आहे की तिच्या वरच्या जोडीतही आहे, हे दिसलं तर तज्ज्ञ पुढे बोलतो. नुसत्या पिवळ्या फुलाचा सुंदर फोटो टाकलात तर नोंद 'सेना' या प्रजातीच्या नावावरच अडून बसते, जात ठरत नाही. कवळा या रानभाजीच्या भाईबंदांमध्ये फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या निदलपुंजावरच्या शिरा बघतात. म्हणून आता एका झाडाचे फोटो काढताना पूर्ण झाड, पान दोन्ही बाजूंनी, खोड, फूल बाजूने आणि शेंग असेल तर तीही, असं सगळं एकाच नोंदीत घालतो.

रानभाजी ओळखून खायला मात्र हे ॲप वापरू नका. फोडशी खातात ती फूल यायच्या आधी, आणि तेव्हा तिच्या पात्यांवरून यंत्रच काय, घाईतला तज्ज्ञही ठाम बोलणार नाही. शेवळाच्या भाजीत काकडं का घालायची, हेही विकायला बसलेल्या मावशीच सांगतील.

माशांचं प्रकरण अवघड आहे. झाड जागेवर उभं असतं. मासा तडफडतो, पर मिटून घेतो, रंग उडवून बसतो. मूठभर मासे हातात धरून काढलेला फोटो ओळखीच्या दृष्टीने जवळजवळ निकामी. ओढ्यातल्या बोटभर बार्ब माशांमध्ये, विशेषतः पेथिया गटात, अंगावरचा काळा ठिपका नेमका कुठे आहे, बाजूची रेषा शेपटीपर्यंत जाते की मधेच संपते, त्या रेषेवर खवले किती, यावर जात ठरते. त्यासाठी मी एक अरुंद, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा जवळ ठेवतो. त्याच ओढ्याचं पाणी, त्यात एक मासा, बाजूने फोटो, लगेच परत सोडायचा. डबा अरुंद असल्याने मासा वळत नाही आणि पर उघडे राहतात. मळ्या हा मासा असेल तर तोंडाखालची चकती दिसेल असा एक फोटो खालूनही.

उजनीत जाळ्यात येणाऱ्या परदेशी सकर माशाचं तर पोटच बघावं लागतं. पाठीचा पंखा कितीही देखणा आला तरी जात ठरवताना पोटावरची नक्षी ठिपक्यांची की जोडलेल्या रेघांची, हे विचारतात, आणि संकर असेल तर तिथेही घोळ. जाळं सोडवत बसलेल्या मामांना म्हटलं, "जरा उलटा धरता का?" ते म्हणाले, "धरतो की. पण याला खाणार कोण? काटे जाळं फाडतात नुसते." त्यांच्यासाठी तो उपद्रव, पण तारीख आणि ठिकाण असलेली अशी प्रत्येक नोंद तो मासा कुठवर पसरलाय ते सांगते. बाजारात घेतलेल्या माशाच्या नोंदीत हेच नसतं. तो कुठे धरला ते कळत नाही. आणि कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून वेळ-ठिकाण गळून गेलेलं असतं. मूळ फाइल मागा.

खटकणारी गोष्ट म्हणाल तर 'सहमत'चं बटण. दोन माणसांचं जातीवर एकमत झालं आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, होते. मतं जास्त असतील तर दोन तृतीयांशांहून अधिक लोक एका बाजूला लागतात. कुणी नाव सुचवलं की आभार म्हणून सहमत दाबायची आपल्याकडे फार हौस. आभार कमेंटमध्ये मानावेत. स्वतःला फरक दिसत नसेल तर नोंद तशीच राहू द्यावी, महिनोन्‌महिने राहिली तरी. घरच्या कुंडीतला मोगरा टाकायचाच असेल तर लागवडीतला म्हणून खूण करावी.

धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण ॲप आपणहून झाकतं. सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. कंदीलपुष्पांसारख्या रानफुलांचे कंद उकरून नेले जातात, त्यामुळे यादीत नसलेली पण दुर्मीळ जात सापडली तर 'ऑब्स्क्युअर्ड' (ठिकाण झाकलेलं) हा पर्याय मी हाताने निवडतो.

खातं उघडल्यावर परवान्याचं सेटिंग एकदा उघडून बघा. नोंदींवर 'सर्व हक्क राखीव' केलंत तर त्या जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जात नाहीत. फोटोंचा परवाना वेगळा निवडता येतो, तेव्हा फोटोची काळजी असली तरी नोंद मोकळी ठेवता येते.