नोकरी नसताना घेतलेला किट कारचा विमा

सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या मोटारीचा विमा मी नोकरी सुटलेली असताना अशाच गाड्यांचे काम पाहणाऱ्या एका विमा दलालामार्फत घेतला. व्यवसायाच्या रकान्यात ‘बेरोजगार’ असेच लिहावे, कारण खोटी माहिती आढळल्यास दावा नाकारला जाऊ शकतो, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. बांधणीची छायाचित्रे आणि भागांच्या पावत्या तपासून त्यांनी गाडीचे मूल्य आधीच लेखी ठरवून दिले. अशा एकमेव गाडीचा बाजारभाव काढणे अवघड असल्यामुळे ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. रोज कामावर जाणे नसल्याने वार्षिक अंतराची मर्यादा कमी ठेवता आली आणि विम्याचा खर्च थोडा उतरला. मासिक हप्त्यांवरील व्याज मात्र मी विचारल्यावरच सांगितले गेले, हे खटकले.