टिर्झेपॅटाइडचं पेन : सात महिने, बारा किलो आणि तळाशी उरलेलं औषध

आमच्याकडे तेलाची पिशवी रिकामी झाली की कात्रीने कापून पोळीने पुसून घेतात. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढची कटकट कुठून येते ते कळेल.

टिर्झेपॅटाइड म्हणजे भूक आणि वजन कमी करणारं औषध; आठवड्यातून एकदा पेनसारख्या इंजेक्शनने टोचायचं. सप्टेंबरात 2.5 मिलिग्रॅमने सुरुवात, महिन्याने 5. वजन 96 वरून 84. पहिले दोन महिने आंबट ढेकर, रोज रात्री इसबगोल आणि मिसळीला रामराम. पण रात्री अकरा वाजता फरसाणाच्या डब्याकडे आपोआप वळणारे पाय थांबले. वीस वर्षं 'जिभेवर ताबा ठेव' ऐकत आलो. खाण्याची भुणभुण जिभेत नव्हती, डोक्यात होती, हे आता कळलं.

आता मुद्द्याचं. चौथा डोस घेतला तरी पेनच्या काचेत औषध दिसतं! लेबलवर 2.4 मिली, डोस 0.6 चा, म्हणजे चोख चार. मग हे उरलेलं कुठलं? आणि पत्रक म्हणतं, औषध दिसलं तरी पेन फेकून द्या. पहिलं पेन 14,000 ला पडलं, म्हणजे एक डोस 3,500 चा. त्या दिवशी हे लिहायला बसलो असतो तर एकच तारा दिला असता.

डॉक्टरांशी यावरून दोनदा वाद घातला. ते म्हणाले, टोचण्याआधी दर वेळी हवा काढायला थेंब सोडता ना, ती सोय आत धरलेली असते. उरलं त्याला माप नाही. सिरिंजने ओढाल तर डोसचा भरवसा नाही, वर जंतूंना आमंत्रण. पटलं, पण अर्धंच. वापरलं नाही, टाकवलंही नाही. चार पेनं श्रीखंडाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली.

संक्रांतीला बहीण आली. भाची एकोणीस वर्षांची, मुळातच काटकुळी. तिळगूळ हातात तसाच धरून हळूच म्हणाली, "मामा, तुझं उरलेलं मला दे ना." जेवण झालं की ती लगेच बाथरूममध्ये जाते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. बोललं कुणीच नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, एकदम खूप खाऊन मग उलटी काढता का? तेव्हा प्रश्न विचित्र वाटला होता. ते म्हणाले, तिला या पेनाचा वाराही लागू देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. अशा खाऊन उलटी काढण्याच्या आजारात समुपदेशनासोबत कधी कधी फ्लुओक्सेटिनही देतात. नैराश्यावरची जुनी गोळी, स्वस्त. (माझ्या डोक्यात तेव्हाही किंमतच आली, काय करणार.) बहिणीला सांगणं इंजेक्शनपेक्षा अवघड गेलं. दोन दिवस फोन बंद होता तिचा. आता भाची महिन्यातून दोनदा जाते.

तर तारे चार. एक कापला तो खर्चाचा. औषध सोडलं की वजन परत चढतं. एका मोठ्या चाचणीत सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी 14 टक्के वाढलं. म्हणजे हा हप्ता संपणारा नाही. मार्च 2026 मध्ये सेमाग्लूटाइड या अशाच दुसऱ्या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं, तेव्हापासून मेहुणा 'तिकडे वळ, स्वस्त पडेल' म्हणून मागे लागलाय. पुढच्या भेटीत विचारणार आहे.

चारही पेनं दवाखान्यात नेऊन दिली. डबा मात्र घासून ठेवलाय, आत मिरचीचा खर्डा आहे.