चार्जिंगचा बोर्ड पास, सोबतचं किट नापास

फोनचं चार्जिंगचं भोक ज्यावर असतं तो बोर्ड २६० रुपयांचा, फोन उघडायचं किट ३४९ चं. बोर्डाला चार तारे. किटला दीड, तेही त्यातल्या प्लास्टिकच्या त्रिकोणी चकत्यांसाठी. दोन्ही ऑनलाइन मागवले, दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून. घ्यावं की नको एवढंच बघायला आला असाल तर झालं तुमचं काम. पण स्वतःच्या हातानं फोन उघडायचा विचार असेल तर पुढचं वाचाच, कारण मी तो दोनदा उघडलाय, आणि दुसऱ्यांदा उघडायची वेळ तुरीच्या डाळीएवढ्या एका रबरामुळं आली.

मी इचलकरंजीत ब्लाऊज शिवते. घरातच, पुढच्या खोलीत. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यामुळं आमच्याकडं सुताचे तंतू हवेतच असतात. सकाळी पुसलेल्या कपाटावर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं. त्यात माझं कटिंग. फोन दिवसभर त्या टेबलावर कापडाच्या तुकड्यांत पडलेला. चार्जिंगच्या भोकात तंतू जातो, वरनं चार्जरची पिन त्याला आत दाबते, परत तंतू, परत पिन. सहा वर्षांत आत गादी तयार झाली. त्यामुळं दोष फोनचा आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये घेतलेला रेडमी नोट आहे, आजही चांगला चालतो.

दुखणं असं होतं की वायर एका बाजूनं घातली की चार्जिंग व्हायचं, उलटी करून घातली की नाही. टाइप-सीचं भोक दोन्हीकडून चालायला हवं. आत २४ टोकं असतात, १२ वर, १२ खाली, म्हणून तर सुलट-उलट काही बघावं लागत नाही. एकाच बाजूनं चालतंय याचा अर्थ एका रांगेतली टोकं मळलीत, झिजलीत नाहीतर वाकलीत. असं भोक १० हजार वेळा पिन घालणं-काढणं सोसेल असं त्याचं मानक सांगतं. मी हिशोब केला. दिवसातनं दोनदा, सहा वर्षं, म्हणजे साडेचार हजारही होत नाहीत. पण चार्जिंगला लावलेला फोन तसाच ओढत मशीनपर्यंत नेणारी बाई त्या मानकात धरलेली नसावी.

आधी फुकटचा उपाय केला, आणि तुम्हीही आधी तोच करा. फोन बंद करून लाकडी दातकोरण्यानं भोक हळूहळू कोरलं. सुई अजिबात घालायची नाही. माझ्या हाताशी शंभर सुया असतात, मोह होतो, पण धातूचं टोक आत दोन टोकांना एकदम टेकलं किंवा ती टोकं जिच्यावर असतात ती चपटी जीभ खरवडली तर बरा असलेला भागही जायचा. मसुराएवढी गोळी निघाली. निळी. जूनमधल्या एका पैठणी काठाच्या ब्लाऊजचं अस्तर होतं ते, मी रंगावरनं ओळखलं. चार दिवस फोन दोन्ही बाजूंनी चार्ज झाला. पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

मग दुकानात गेले. पोरगा चांगला होता, त्यानं खरं तेच सांगितलं. "मावशी, खालचा बोर्ड बदलायला लागतोय. नऊशे. दोन दिवस फोन ठेवून जावा." नऊशेचं एवढं काही नव्हतं. दोन दिवसांचं होतं. लग्नसराईत माझी मापं फोनमध्ये, गळ्यांचे फोटो फोनमध्ये, पैसे फोनवर. त्याच्या काउंटरवर मी त्यानं उघडलेला एक फोन बघितला आणि मनात आलं, बॉबीन केस उघडून शटल साफ करणं याहून सोपं कुठं असतं?

यातलं बरंचसं खरंही निघालं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचं भोक मुख्य बोर्डावर नसतंच. फोनच्या तळाशी बोटाएवढा वेगळा बोर्ड असतो, त्यावर ते भोक आणि बोलायचा माइक, आणि एका चपट्या पट्टीनं तो वरच्या मोठ्या बोर्डाला जोडलेला. म्हणजे डाग द्यायचं, सोल्डरिंगचं काम नाही. जुना काढायचा, नवा बसवायचा. काही फोनमध्ये मात्र भोक मुख्य बोर्डालाच डागलेलं असतं. तसा तुमचा असेल तर हे सगळं विसरा आणि दुकानात द्या.

मागवताना नुसत्या फोनच्या नावावर जाऊ नका. नोट वेगळा, नोट प्रो वेगळा, आणि दोघांचे बोर्ड फोटोत जावा-जावांसारखे दिसतात. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये जाऊन पूर्ण मॉडेल नंबर बघितला, विक्रेत्याला तो लिहून पाठवला, त्यानं हो म्हटल्यावरच ऑर्डर दिली. पाच दिवसांत आला. कडक प्लास्टिकच्या डबीत, भोवती स्पंज. पुढं जुना बाहेर काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघितले: भोकं, खाचा, स्क्रूच्या जागा सगळं मापात. नव्याचं डागकाम थोडं ओबडधोबड वाटलं, पण काजं-बटणं करणाऱ्या बाईला सगळंच ओबडधोबड वाटतं.

आता उघडणं. रविवारी दुपारी, पंखा बंद करून. लेकीनं आधी फोटो आणि मापं सगळी दुसरीकडं उतरवून घेतली होती. बॅटरी मुद्दाम २० टक्क्यांवर आणली, कारण भरलेल्या बॅटरीला चुकून टोक लागलं तर भडका मोठा. फोन बंद केला. सिमचा ट्रे बाहेर काढला. तो आत ठेवून उघडायला जाणारे बरेच जण असतात म्हणे.

पाठ काचेची, गोंदानं चिकटवलेली. गरम केल्याशिवाय निघत नाही. आमच्याकडं केस वाळवायचं यंत्र नाही. इस्त्री आहे, पण तिचा मला भरवसा नाही, खाली बॅटरी असते. शेवटी आईची गुडघा शेकायची गरम पाण्याची पिशवी घेतली, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि पाठ खाली करून त्यावर ठेवला. दहा मिनिटं. परत पाणी बदलून दहा मिनिटं. मग किटमधलं रबरी वाटीसारखं ओढणं लावलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा त्याची कडीच हातात आली. किटचा पहिला तारा तिथं गेला.

पण त्रिकोणी चकत्या खरंच चांगल्या आहेत. पातळ, लवचिक, कडा गुळगुळीत. नखानं केसभर फट केली, त्यात एक चकती सरकवली आणि मग हे काम माझ्या ओळखीचं झालं. शिवण उसवताना कापड न फाडता दोरा तेवढा तोडायचा असतो, तसंच. एका जागी जोर नाही. कोपऱ्यापाशी आले की एक चकती तिथंच अडकवून ठेवायची, नाहीतर मागचा गोंद परत चिकटतो. चकती आत फार घालायची नाही, कडेकडेनंच फिरवायची. पाऊण तास लागला. किटवर लिहिलंय 'पाच मिनिटांत'. असू दे.

पाठ सुटली म्हणून झटकन उचलू नका. माझ्या फोनचा बोटाच्या ठशाचा सेन्सर पाठीवर आहे आणि त्याची कागदासारखी पट्टी आतल्या बोर्डाला जोडलेली. अस्तर जोडलेलं असताना वरचं कापड ओढल्यावर काय होतं ते शिवणाऱ्या कुणालाही विचारा. पाठ वहीच्या पानासारखी एका बाजूला उलटून ठेवली आणि मगच ती पट्टी सोडवली.

आता स्क्रू. किटचा स्क्रूड्रायव्हर चौथ्या स्क्रूला गोल झाला. स्क्रू नव्हे, स्क्रूड्रायव्हर. लोखंड आहे की शिसं, देव जाणे. शेजारचे घड्याळवाले काका रविवारी घरीच असतात, त्यांचा बारीक फुली-टोकाचा मागून आणला आणि सगळे स्क्रू लोण्यात सुरी घातल्यासारखे निघाले. म्हणून सांगते, किट घेऊ नका; चकत्या सुट्या मिळतात त्या घ्या आणि एक चांगला स्क्रूड्रायव्हर घ्या. तेवढ्याच पैशात होतं.

स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण उंचीला कमीजास्त असतात. लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो. माझ्याकडं ब्लाऊजच्या कागदी पॅटर्नचा कागद होता. त्यावर फोन काढला आणि जिथला स्क्रू तिथं चिकटपट्टीनं डकवला. लेक म्हणाली, मम्मी, फोनचं कटोरी ब्लाऊज करणार आहेस काय.

पाठ बाजूला झाली की सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवायची, मग बाकीचं. ही जोडणी आणि चपट्या पट्टीची जोडणी, दोन्ही टिचबटणासारख्या: प्लास्टिकच्या टोकानं सरळ वर उचलायच्या, परत लावताना नेमक्या जागी धरून बोटानं दाबायच्या, टिच आवाज येतो. आवाज आला नाही तर बसलेली नाही. अँटेनाची एक काळी बारीक वायर असते, तिचं डोकं तर हुबेहूब टिचबटण, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. ती नीट बसली नाही तर फोन चालू होतो, सगळं छान दिसतं, आणि रेंज मात्र येत नाही. खालचा स्पीकरचा डबा काढला, जुना बोर्ड उचलला, नवा ठेवला, उलट्या क्रमानं सगळं लावलं. यात वीस मिनिटंही गेली नाहीत. सगळा वेळ पाठीनं खाल्ला.

पाठ चिकटवायच्या आधी फोन चालू करून बघितला. वायर सुलट घातली, चार्जिंग. उलटी घातली, चार्जिंग. मी आणि लेक दोघी ओरडलो. लगेच पाठ चिकटवून टाकली. हीच माझी चूक.

संध्याकाळी बहिणीला सांगलीला फोन लावला, कौतुक सांगायला. ती म्हणाली, "तायडे, विहिरीत बसून बोलतीस काय?" चार जणांना लावला, चौघांचं तेच. मला वाटलं नव्या बोर्डाचा माइक खराब, आणि एक तारा द्यायची तयारीही केली होती. रात्री जुना बोर्ड भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं. माइकवर बारीक भोकाचं काळं रबर होतं, जुन्या बोर्डालाच चिकटून बाहेर आलेलं. फोनच्या कडेचं टाचणीएवढं छिद्र आणि आतला माइक यांच्यामधली ती नळी. ती नसली की आवाज आतल्या पोकळीतच फिरतो. नव्या बोर्डासोबत ते रबर आलंच नव्हतं, आणि विक्रेत्याच्या पानावर 'जुन्यावरचं काढून लावा' अशी एक ओळही नव्हती. बोर्डाचा पाचवा तारा थोडा त्यासाठी कापलाय.

परत पिशवी, परत चकत्या. या वेळी वीस मिनिटांत पाठ निघाली, गोंद अजून ओलसर होता. रबर चिमट्यानं उचललं, नव्या माइकवर बसवलं. आणि या वेळी पाठ लावायच्या आधी सगळं तपासलं: बहिणीला फोन, स्पीकर, रेंज, बोटाचा ठसा, दोन्ही बाजूंनी चार्जिंग. बहीण म्हणाली, आता कानात ओरडतीस.

गोंदाचं एक सांगायचं राहिलं. फोनची पाठ चिकटवायला लोक बी-७००० नावाचा गोंद वापरतात. तो मागवायला निघाले तर खोक्यावरचा फोटो ओळखीचा वाटला. ब्लाऊजवर खडे चिकटवायला मी तोच वापरते, ड्रॉवरमध्ये दोन ट्यूबा होत्या. कडेनं बारीक रेघ ओढायची, दोन मिनिटं हवा लागू द्यायची, मग दाबायचं. जास्त लावला तर आत ओघळतो. वरनं चणियाचं रुंद इलॅस्टिक गुंडाळून रात्रभर ठेवला. पूर्वीसारखं पाण्यापासून राखण मात्र आता नाही, एकदा उघडलेल्या फोनची ती खात्री धरू नये. पावसात मी तो पिशवीतच ठेवते.

बोर्डाचा उरलेला तारा गेला जलद चार्जिंगपायी. पानावर 'फास्ट चार्जिंग' लिहिलंय. लेकीच्या जलद चार्जरवर जुना बोर्ड बरा असताना ती खूण यायची, नव्यावर येत नाही, साध्या वेगानंच चार्ज होतो. मी रात्री लावून झोपते, मला फरक पडत नाही. तुम्हाला पडत असेल तर विक्रेत्याला आधी स्पष्ट विचारा. लेकीनं संगणकाला जोडून फोटो उतरवून बघितले, तेही व्यवस्थित होतं. आज अडीच महिने झाले. चार्जिंगला असताना फोन तापत नाही. भोकावर मी आता कापडाचा छोटा झाकणा शिवून लावलाय, लेकीला त्याची लाज वाटते.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. परवा समोरच्या वहिनी त्यांचा फोन घेऊन आल्या, "तुम्ही करताय म्हणे?" बघितलं तर पाठ एका बाजूनं उचललेली, आतली बॅटरी फुगलेली. त्याला मी ना चार्जर लावू दिला, ना चकती लावली. बंद करून, कशाखाली न दाबता, तसाच त्या नऊशेवाल्या पोराकडं पाठवला.